खाडीकाठची प्रयोगशाळा आणि गुंतवणूक: नव्या मुलांसाठी थोडं

रत्नागिरी-दापोलीकडची एम.एस्सी. झालेली मुलं मला विचारतात, "मॅडम, शिकवता शिकवता तुम्ही बायोटेक कंपन्यांत पैसे कसे घालायला लागलात?" ताळेबंद वाचणं शिकता येतं. निकाल कुठे दगा देतोय हे कळायला मात्र प्रयोगशाळेत वर्षं घालवावी लागतात, आणि या धंद्यात तीच आपली खरी पुंजी.

कोळंबीचंच घ्या. आपल्या खाड्यांलगत व्हन्नामेई या जातीच्या कोळंबीचे प्रकल्प आहेत. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला की तीन ते दहा दिवसांत अख्खा तलाव जाऊ शकतो. त्यामुळे तलावावरच निदान करणारं किट घेऊन कोणी आलं, की मी कान टवकारते. पण आलेख बघण्याआधी विचारते, नमुना कशाचा घेतला? कल्ले किंवा पोहण्याचे पाय चालतात. डोळा मिसळला तर त्यातल्या द्रव्यांनी पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश वाढवून ओळखणारी चाचणी) अडतो आणि रोगट कोळंबी निरोगी ठरते. नमुन्यासाठी पिल्लं अख्खी कुटताना तर हे सहज होतं. मग पुढचे प्रश्न: अडलेली चाचणी ओळखायला इंटर्नल कंट्रोल, म्हणजे त्याच नमुन्यात चाचणी चालली की नाही हे दाखवणारी खूण, ठेवलाय का? तुमच्या लॅबबाहेरच्या कोणी हे करून पाहिलंय का? तलावावरचा माणूस भर उन्हात, ओल्या हातांनी हे करू शकेल का? "अजून पाहिलं नाही" असं सरळ सांगणारा संस्थापक मला चालतो. टोलवाटोलवी करणारा नाही.

पेटंटचा अर्ज शोधनिबंध छापण्याच्या आधी. परिषदेतल्या पोस्टरनेही पेटंटला लागणारं नावीन्य जाऊ शकतं. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केलात तर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. कोकम किंवा आपल्याकडच्या इतर जैविक संसाधनावर काम असेल, तर २००२ चा जैवविविधता कायदा आधी वाचा.

सुरुवातीचा पैसा शक्यतो अनुदानाचा असावा. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतं आणि बदल्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही.

एका बाबतीत मी फार कडक आहे. स्वतःच्या विद्यार्थ्याच्या कंपनीत पैसे घालायचे असतील, तर आधी संस्थेला लेखी कळवा आणि त्याच्या मार्गदर्शनातून बाजूला व्हा. प्रबंधावर सही करणाऱ्या बाईंना तो पोरगा "नको" कसं म्हणणार?

आंब्याचे पैसे हंगाम संपला की हातात येतात. नव्या औषधाला मात्र दहा-पंधरा वर्षं सहज लागतात आणि बहुतेक उमेदवार औषधं मध्येच गळतात. घरच्या बागेचे पैसे यात अजिबात घालू नका. स्वतःचे पैसे घालण्याआधी दुसऱ्या गुंतवणूकदारांसाठी तांत्रिक तपासणी करून द्या. कंपनीची मूळ आकडेवारी वाचून दोन पानी मत लिहायचं, एवढंच काम. त्याचे पैसेही मिळतात, आणि पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरसारख्या, नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या ठिकाणी जात राहिलात तर अशी कामं देणारी माणसं भेटतात.