दादा, कूलर आणि कुकरची शिट्टी

माझा मोठा भाऊ ३१ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). मे महिन्यात पारा ४५ वर गेला की आमच्या नागपुरात कूलरमध्ये पाणी भरणं हे अंघोळीइतकंच रोजचं काम. आई कित्येक उन्हाळे ते तोंडी सांगून शिकवत होती. पण सांगितलेलं विरून जातं. व्हिडिओ तोच, तसाच, पन्नासदा पाहता येतो. म्हणून मी दादासाठी या कामाचे, पायरीपायरीचे छोटे व्हिडिओ काढले. तुम्हालाही काढायचे तर असे.

आधी काम स्वतः करा आणि एकेक हालचाल कागदावर लिहा. मला वाटलं चार पायऱ्या होतील; निघाल्या अकरा. बटण बंद करणं वेगळं, प्लग काढणं वेगळं. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात येतात, तेव्हा सुरुवातीला शेजारी उभं राहाच.

मग शूटिंग. फोन छातीशी धरा, म्हणजे करणाऱ्याला दिसतात तसे नुसते हात दिसतील. कूलर तुमचाच, नळ तुमचाच. एका पायरीला एक तुकडा, दहा-पंधरा सेकंदांचा. तेवढं करून झालं की पुढचा त्याने स्वतः दाबायचा. ‘टाकी भरेपर्यंत’ असलं मोघम चालत नाही. आम्ही टाकीत आतून लाल टेप लावली. पाणी टेपला टेकलं की नळ बंद. आणि कार्टूनची चित्रं नकोत हो, बाप्या माणूस आहे तो.

आवाज मात्र तपासून घ्या. नळ बंद करायच्या तुकड्यात मागे कुकरची शिट्टी वाजली होती, माझ्या लक्षातच आलं नाही. पाणी टेपच्या वर गेलं तरी दादा नळावर हात ठेवून स्वयंपाकघराकडे कान लावून उभा. शिट्टी नाही, तर नळ बंद नाही. खोलीभर पाणी! आई म्हणाली, “बाप्पा, आता याच्यासाठी रोज डाळ लावू का?” तो तुकडा पुन्हा काढला, बिनआवाजाचा.

मधेच दुसरं काही उघडू नये म्हणून आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस असतो, अँड्रॉइडवर ॲप पिन करता येतं. पासकोड त्याच्यासमोर टाकू नका. दादाला आकडे एका नजरेत पाठ होतात. टॅबलेट पाण्यापासून लांब, आमचा खिडकीत असतो.

आठवडाभर जी पायरी न बघता जमली, तिचा तुकडा काढून टाका. आमच्याकडे आता एकच उरलाय, प्लगचा. तो मी हा उन्हाळा तरी काढणार नाही.