फँटसी फुटबॉल लीगमधील वाद कसे मिटवावेत

फँटसी फुटबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या सामन्यातील कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ. नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या मित्रमंडळींची असो वा सातपूरच्या सहकाऱ्यांची, लीगचे नियम हंगामापूर्वीच लिहून सर्वांची संमती घ्यावी. वाद पेटल्यावर केलेला नियम कोणालाच पटत नाही.

ड्राफ्ट प्रकारात, म्हणजे सदस्य आळीपाळीने खेळाडू निवडतात तेव्हा, एक खेळाडू एकाच संघात राहत असल्यामुळे, तळाशी गेलेल्या सदस्याने आपला हुकमी स्ट्रायकर जिवलग मित्राला जवळजवळ फुकट देणे, हा भांडणाचा सर्वांत मोठा विषय ठरतो. अशा वेळी दोघांनीही अदलाबदलीतून आपल्या संघाला होणारा फायदा सांगावा आणि निर्णय त्या व्यवहारात हितसंबंध नसलेल्यांनी द्यावा. मात्र निव्वळ चुकलेला अंदाज म्हणजे लबाडी नव्हे. तो सौदा रद्द करू नये.

समोरासमोरच्या लीगमध्ये, म्हणजे दर फेरीत दोन सदस्यांचे संघ एकमेकांशी भिडतात तिथे, संघ वाऱ्यावर सोडणाऱ्यामुळे उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना आयते 3 गुण मिळतात, म्हणून बदली व्यवस्थापक आधीच ठरवावा.

संघात बदल करण्याची मुदत चुकल्याची सबब ऐकू नये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर आधारित फँटसी प्रीमियर लीगची मुदत फेरीतील पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटे आधी संपते. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी 12.30 चा सामना पहिला असल्यास आपल्याकडे ही मुदत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत दुपारी 3.30, तर हिवाळ्यात 4.30 वाजता संपते. पैज मिसळीपुरतीच ठेवावी.