आईच्या नावावरच्या गावच्या घराचा इन्शुरन्स काढताना काय काय बघायचं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आई दापोली तालुक्यातल्या आमच्या घरात एकटी होती आणि मी पुण्यात बसून फोन लावत होते, लागतच नव्हता. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकला. ती धडधाकट होती, पण पडवीवर माड आडवा झालेला, अर्ध्या घराची कौलं उडालेली, आणि घराचा विमा नव्हता. भावाला वाटायचं मी बघत असेन, मला वाटायचं तो बघत असेल, आणि आईला तर असं काही असतं हेच माहीत नव्हतं. त्यानंतर मी तो काढला, त्यात बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी आईशी किंवा बाबांशी बोला. बोला म्हणजे खरंच बसून बोला, नुसतं "इथे सही कर" नको. माझी आई पहिल्यांदा म्हणाली, भरल्या घरात असलं अशुभ बोलू नये. मी तिला एवढंच विचारलं की त्या वादळात कौलांना, वाशांना, सुताराला किती पैसे गेले, आणि ते कुठून आले. तिला आकडा तोंडपाठ होता. मग तीच कपाटातून कागदांची पिशवी घेऊन आली. हे महत्त्वाचं यासाठी की पॉलिसी तिच्या नावावर निघणार, क्लेमचे पैसे तिच्या खात्यात येणार, सर्व्हेयर, म्हणजे नुकसान बघायला कंपनी पाठवते तो माणूस, आला तर तोही आधी तिलाच विचारणार, तेव्हा आपण काय काढलंय ते तिला माहीत हवं.

नावाचं आता नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रीमियम तुम्ही भरा, फॉर्म तुम्ही भरा, चालतं, पण विमा घर ज्याचं आहे त्याच्या नावावर हवा. घर आईचं आणि पॉलिसी मुलाच्या नावावर असली की क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न येतो की या घराशी तुमचा काय संबंध. आणि गावाकडे बहुतेक घरं अजून आजोबांच्या नाहीतर गेलेल्या वडिलांच्या नावावर असतात. आमचंही तसंच होतं, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली तरी ग्रामपंचायतीच्या असेसमेंटवर म्हणजे नमुना ८ वर त्यांचंच नाव. आधी वारस नोंद करून घ्या, ग्रामपंचायतीत वेगळी आणि जमिनीच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे वेगळी, एकीकडे केली म्हणजे दुसरीकडे आपोआप होत नाही. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही हेही लक्षात असू दे. गावठाणात घर असेल आणि स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी तुमच्या गावात झालेली असेल तर मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढून ठेवा, हा कागद कामाचा आहे. शहरात फ्लॅट असेल तर इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पुरतं. सोसायटीचा विमा असतोच असं म्हणून गप्प बसू नका, तो असला तरी साधारण इमारतीचा असतो, आईच्या फ्रीज-कपाटाचा नाही.

आता कुठली पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, घरांसाठी भारत गृह रक्षा नावाची एकच ठरावीक पॉलिसी आणलीये, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी मूळ अटी त्याच, त्यामुळे एजंटच्या गोड बोलण्यापेक्षा ते नाव विचारा आणि पॉलिसीचे शब्द मागून घ्या. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. आणि बाहेरची वस्तू घरावर आदळून झालेलं नुकसानही येतं, त्यात पडलेलं झाडसुद्धा आहे. हे वाचलं तेव्हा मला तो पडवीवरचा माड आठवला. कुंपण, गडगा, गेट, पडवी, सेप्टिक टँक, बायोगॅस, सोलर पॅनेल हे घराच्या बांधकामातच धरतात, फक्त फॉर्ममध्ये लिहायला विसरू नका. माडपोफळी आणि आंब्याची कलमं मात्र यात नाहीत. घर राहण्यालायक उरलं नाही तर तेवढे दिवस दुसरीकडे राहण्याचं भाडं मिळायची सोय आहे, वयस्कर माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे कारण सत्तरीपुढचा माणूस ताडपत्रीखाली पावसाळा काढू शकत नाही.

चोरीचं मात्र नीट समजून घ्या. वर सांगितलेल्यापैकी काही घडलं आणि त्यानंतर ७ दिवसांत चोरी झाली तरच या पॉलिसीत धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि अशा बऱ्याच कव्हरमध्ये घर सलग ३० दिवसांच्या वर बंद राहिलं तर काय याची अट असते. आई थंडीत दोन-दोन महिने आमच्याकडे येते, म्हणून मी ते कंपनीला आधीच ईमेलवर कळवलं आणि उत्तर लेखी घेतलं. नुसतं फोनवर "चालेल मॅडम" वर राहू नका. रोकड धरत नाहीत. दागिने हवे असतील तर ते वेगळे लिहून, किंमत ठरवून घालावे लागतात.

रक्कम किती लावायची इथे बहुतेक लोक चुकतात. जागेची किंमत धरायची नाही, घर पुन्हा बांधायला आज किती लागेल ते धरायचं. समजा ८०० चौरस फूट कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आहे आणि तुमच्याकडचा गवंडी चिऱ्याचं घर, कौलं, लाकूडकाम धरून फुटाला २,००० म्हणाला तर १६ लाख. तो दर गावातल्याच माणसाला विचारा. घरातल्या सामानाला बांधकामाच्या २० टक्के आपोआप मिळतात, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देता, म्हणजे वरच्या उदाहरणात ३ लाख २० हजार. सामान त्याहून जास्तीचं असेल तर यादी द्या. एरिया मात्र स्वतः टेप लावून मोजा, नंतर वाढवलेली न्हाणी आणि मागची खोली धरून.

मुदत १० वर्षांपर्यंत घेता येते. म्हातारपणी दरवर्षी रिन्यूअलचा मेसेज बघणार कोण, म्हणून मी लांबची घेतली, आणि एक वर्षाहून जास्त मुदत घेतली की बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, वेगळा प्रीमियम न घेता, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत. सिमेंट आणि मजुरी ज्या वेगाने वाढतेय ते बघता हे सोडू नका.

फॉर्म भरताना काहीही लपवू नका. घर किती जुनं, भिंती चिऱ्याच्या की मातीच्या, छप्पर कौलांचं की पत्र्याचं, आधी पाणी शिरलं होतं का. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी ज्यांच्या घरात गेलं त्यांनी तर हे आवर्जून लिहावं. खोल्या पर्यटकांना देत असाल तर तेही, कारण ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. आईची सही थरथरते म्हणून तुम्ही तिची सही करू नका, अंगठा चालतो, साक्षीदारासमोर घ्यायचा आणि फॉर्म तिला मराठीत वाचून दाखवल्याचं लिहायचं. १ जानेवारी २०२३ पासून केवायसी सक्तीचं आहे, म्हणून आधार आणि पॅनवरचं नाव एकसारखं आहे का ते आधीच बघा, आमच्याकडे एकावर माहेरचं नाव निघालं आणि त्यातच महिना गेला. पैसे थेट कंपनीच्या नावे चेकने किंवा ऑनलाइन भरा, कुणाच्या हातात रोख देऊ नका, आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे आईला दहा वेळा सांगा. मोबाइल तिचा द्या, ईमेल तुमचा.

तिचं बँक खातं चालू आहे का तेही बघा. बँकांचं विलीनीकरण झाल्यावर बऱ्याच ठिकाणी आयएफएससी बदलला, आणि वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडतं. नॉमिनी लावा आणि भावंडांना सगळ्यांना कळवा, नॉमिनी झाला म्हणजे घराचा मालक झाला असं नसतं हे तेव्हाच बोलून घेतलं की नंतर मन दुखावत नाही.

एक दिवस घरभर फिरून व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, विहिरीवरचा पंप, इन्व्हर्टर, माळ्यावरची तांब्याची भांडी, सगळं. तो व्हिडिओ आणि बिलं त्या घराबाहेर ठेवा, भावाकडे किंवा ड्राइव्हवर.

नुकसान झालंच तर आधी आई सुरक्षित, मग कंपनीला फोन, त्याच दिवशी. आवराआवर करायच्या आधी फोटो. पाऊस चालू असेल तर ताडपत्री टाका, त्याचं बिल ठेवा, पण फुटलेली कौलं आणि भिजलेलं सामान सर्व्हेयर येईपर्यंत फेकू नका. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घ्या, ती सरकारी मदतीला आणि क्लेमला दोन्हीकडे लागते. चोरी असेल तर पोलिसात एफआयआर. सर्व्हेयर येईल तेव्हा तुम्ही पोचला नाहीत तर शेजारचा एखादा माणूस आईसोबत उभा राहील असं आधीच ठरवून ठेवा, एकट्या म्हाताऱ्या माणसाला प्रश्नांनी गांगरायला होतं.

क्लेम नाकारला किंवा खूपच कमी दिला तर गप्प बसायचं नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, पण एका वर्षाच्या आत जायला हवं. आयआरडीएआयचा फोन १५५२५५.

हा नंबर, कंपनीचा टोल फ्री नंबर आणि पॉलिसी नंबर मी आईला जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून दिलाय, स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं त्याच्या शेजारी, चष्मा नसला तरी दिसेल असा.