दुकानातला गेम, गावातलं नेट: ॲक्टिव्हेशन कसं पार पाडायचं

नागपूर-अमरावतीहून पीसी गेमचा डबा आणताना तो दुकानातच उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. ‘इंटरनेट आवश्यक’ असं तिथेच छापलेलं असतं. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ डब्यात आला तेव्हापासूनच स्टीमवर (पीसी गेम विकणारा आणि चालवणारा प्रोग्रॅम) ॲक्टिव्हेशन, म्हणजे नेटवरून गेम आपल्या खात्यात नोंदवणं, सक्तीचं होतं. डिस्कमध्ये फक्त फाइली, खेळायची परवानगी कीमध्ये, म्हणजे डब्यातल्या अक्षर-अंकांच्या कोडमध्ये. की एकदा एका खात्यात गेली की दुसऱ्याला चालत नाही, म्हणून सील फुटलेला किंवा सेकंडहँड डबा अजिबात घेऊ नका.

लोक फसतात ते इथे: ॲक्टिव्हेशनला डेटा थोडाच लागतो, डेटा खातं ते डाउनलोड. ही दोन कामं वेगळी करा. ॲक्टिव्हेशन घरच्याच पीसीवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतं. स्टीम आधी स्वतःचं अपडेट घेतं, तेवढा डेटा शिल्लक ठेवा आणि विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजक्या डेटाचं नेट) करून टाका. नाहीतर विंडोजचं अपडेटच दिवसाचा डेटा संपवेल. स्टीमला आता विंडोज १० किंवा पुढचंच चालतं.

त्याआधी घड्याळ बघा. जुन्या पीसीत मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल मेलेला असतो. लाईन गेली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही. स्क्रीनवर मात्र नेटची चूक दिसते, मग माणूस उगाच टॉवरला शिव्या देतो.

आता स्टीमच्या लायब्ररीत खाली डावीकडे ‘अ‍ॅड अ गेम’, मग ‘ॲक्टिव्हेट अ प्रॉडक्ट’. की सावकाश टाका. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत घोळ होतो आणि पुन्हा पुन्हा चुका झाल्या की स्टीम काही वेळ नवी की घेतच नाही.

डिस्क घातल्यावरही स्टीम बरेचदा ती सोडून नेटवरून डाउनलोड करायला लागतं. ते थांबवा, स्टीम पूर्ण बंद करा. विंडोजच्या रन खिडकीत स्टीमच्या ईएक्सई फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणात लिहा, पुढे एक जागा सोडून डॅश आणि त्याला चिकटून इन्स्टॉल (-install), पुन्हा जागा सोडून डिस्क ड्राइव्हचं अक्षर व कोलन. मग फाइली डिस्कवरून येतात. नंतरचं अपडेट मात्र नेटवरूनच येणार. ‘जीटीए ५’ च्या पीसी डब्यात ७ डीव्हीडी होत्या, तरी ते टळलं नाही. शिवाय त्या डब्याची की स्टीमवर नाही, तर गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या खात्यात चालते.

अपडेट मोठं असेल तर तालुक्याला चांगलं नेट असलेल्या ओळखीच्याच पीसीवर तुमच्या खात्याने गेम उतरवा, स्टीमच्या बॅकअप सोयीने हार्ड डिस्कवर घ्या आणि घरी रिस्टोर करा. काम झालं की तिथून लॉगआउट करायला विसरू नका. हार्ड डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

नेट असतानाच गेम एकदा सुरू करून मुख्य मेनूपर्यंत जा. लॉगिन लक्षात ठेवायची खूण केलेली असू द्या, मग स्टीम मेनूतून ‘गो ऑफलाइन’. हॉटस्पॉट बंद करून लगेच पुन्हा खेळून बघा. प्रोसेसर बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं, तर काही गेम परत नेट मागतात.

की ‘आधीच वापरलेली’ निघाली तर बिल, डबा आणि त्या संदेशाचा फोटो ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.