फ्रीसर्फर इन्स्टॉल झालं, पण चालतंय कोणतं?

मेंदूच्या एमआरआयवर काम करायला लागलं की एफएसएल, फ्रीसर्फर आणि थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरची नावं पहिल्याच आठवड्यात कानावर पडतात. लिनक्सवर ती इन्स्टॉल करणं अवघड नाही. स्लायसरची टार फाइल (एकत्र बांधलेल्या फाइल्सचा गठ्ठा) उलगडली की ते चालतं, रूटचा, म्हणजे मशीनच्या अ‍ॅडमिनचा, पासवर्डही लागत नाही. एफएसएलचा पायथन इन्स्टॉलर लागेल ते स्वतःच उतरवून घेतो, फक्त डिस्कवर भरपूर जागा ठेवा. फ्रीसर्फरला लायसन्सची फाइल लागते. ती मोफत मिळते, पण मिळाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, म्हणून आधी तीच मागवा.

मी अडकलो ते याच्या पुढच्या पायरीवर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे कोणता प्रोग्राम कुठे आहे वगैरे टर्मिनलला सांगणाऱ्या सेटिंग्जमध्ये.

फ्रीसर्फरचं सेटअप स्क्रिप्ट 'सोर्स' करायचं असतं, म्हणजे चालू टर्मिनलमध्येच वाचायला लावायचं असतं, नुसतं चालवायचं नसतं. नुसतं चालवलं तर ते वेगळ्या शेलमध्ये चालतं, तिथेच व्हेरिएबल्स सेट करतं आणि संपतं. तुमच्या टर्मिनलला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून सगळे सोर्सची ती ओळ बॅशआरसीमध्ये, म्हणजे नवं टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, टाकतात. पण ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा क्रॉन ही फाइल वाचतच नाही. ती मुद्दाम सोर्स केली तरी उबुंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच एक अट असते: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर कोणी कमांड टाइप करत नसेल, तर इथूनच परत फिरा. तुमची ओळ असते तळाशी. मग टर्मिनलमध्ये सुरळीत चालणारी कमांड रात्री क्रॉनमधून लावली की 'कमांड नॉट फाउंड' येतं. याला घाबरू नका. ज्या स्क्रिप्टमधून काम चालणार आहे, तिच्याच सुरुवातीला फ्रीसर्फर होम (फ्रीसर्फरचं फोल्डर सांगणारं व्हेरिएबल) सेट करा आणि सेटअप तिथेच सोर्स करा.

घाबरायचं ते एरर न येणाऱ्या चुकीला. मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर पाथमध्ये, म्हणजे शेल प्रोग्राम शोधतो त्या फोल्डर्सच्या यादीत, जी आधी येते ती चालते, आणि रिकॉन-ऑल ही फ्रीसर्फरची मुख्य कमांड तासन्‌तास चालून मुकाट्याने संपते. आकडे येतात, चित्रं सुरेख दिसतात. २०१२ साली प्लॉस वन या नियतकालिकात याच प्रश्नावर एक अभ्यास आला होता. फ्रीसर्फर ५.०.० आणि त्याआधीच्या दोन आवृत्त्यांनी तेच स्कॅन मोजले, तर मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) जाडीत सरासरी २.८ टक्के फरक निघाला. अर्धे रुग्ण एका आवृत्तीत आणि अर्धे दुसरीत गेले, तर तुम्हाला सापडलेला फरक आजाराचा की सॉफ्टवेअरचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून 'विच' कमांड 'ए' पर्यायासह चालवा. पाथमध्ये असलेल्या सगळ्या प्रती दिसतील, त्यातली पहिली चालते. कोंडाचं (पायथनची पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाचं) एन्व्हायर्नमेंट सुरू केल्यावर हे पुन्हा तपासा, कारण कोंडा स्वतःचं फोल्डर पाथमध्ये पुढे घुसवतं. आधीच झालेल्या कामासाठी प्रत्येक सब्जेक्टच्या (स्कॅन झालेल्या व्यक्तीच्या) स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये बिल्ड-स्टँप नावाची फाइल असते, तिच्यात आवृत्ती लिहिलेली असते. सांख्यिकीला हात लावण्याआधी त्या सगळ्या फाइल्स एकदा वाचून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

सीनियरची बॅशआरसी फाइल मात्र जशीच्या तशी उचलू नका. ते प्रेमाने देतात, पण तिच्यात त्यांच्या जुन्या आवृत्त्यांचे पाथ असतात, आणि त्यातली कोणती ओळ कशासाठी आहे हे बहुधा त्यांनाही आठवत नसतं. माझ्या मते चांगला मार्गदर्शक तोच, जो शेजारी बसून प्रत्येक ओळ तुमच्याकडून लिहून घेतो. असा कोणी नसेल तरी हरकत नाही, त्या ओळी मोजून पाच-सहाच असतात. सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणाऱ्या डॉकरचीही घाई नको. पुढे तो लागेलच, पण पाथ समजण्याआधी धरलात तर हाच गोंधळ कंटेनरच्या आत जाऊन बसेल.

आणि जुनी आवृत्ती काढून टाकताना थांबा. सब्जेक्ट्स डिर (निकाल कुठे साठवायचे ते सांगणारं व्हेरिएबल) तुम्ही स्वतः सेट केलं नसेल, तर तुमचे सगळे निकाल फ्रीसर्फरच्याच फोल्डरमध्ये साठलेले असतात. आधी ते बाहेर हलवा, उघडून पाहा, मगच फोल्डर डिलीट करा.