मटणातलं शिसं मोजण्याआधी

लॅबमध्ये नवीन मुलगा आला की त्याला थेट आयसीपी-एमएसपुढे, म्हणजे धातूचा अगदी बारीक अंश मोजणाऱ्या मशीनपुढे, बसायचं असतं. मी त्याला आधी सिंकपाशी उभं करते. नळ्या, झाकणं, व्हेसल (नमुना ॲसिडमध्ये विरघळवायची झाकणाची भांडी) सगळं १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवायचं, सकाळी अतिशुद्ध पाण्याने तीनदा विसळायचं आणि उपडं ठेवून निथळू द्यायचं. पुसायचं नाही. काम कंटाळवाणं आहे, पण हिशेब बघा. युरोपच्या नियमात मटणातल्या शिशाची मर्यादा किलोमागे ०.१० मिलिग्रॅम. आपण अर्धा ग्रॅम मांस विरघळवून ५० मिलिलिटर करतो. नेमक्या मर्यादेएवढं शिसं असलेल्या नमुन्यातसुद्धा त्या नळीत लिटरमागे ते जेमतेम १ मायक्रोग्रॅम उरतं. बोटाला लागलेली धूळही ते रीडिंग बिघडवू शकते.

नमुना आणायला जाल तेव्हा खाटकाला तुकडे करू देऊ नका. शिसं हाडात साठतं, आणि ओंडक्यावर सत्तूर आपटला की हाडाची चुरी मांसात शिरते. मग तुम्ही मांस तपासताय की हाड, कोण सांगणार? रानाचा, म्हणजे मांडीचा, अख्खा तुकडा घ्या, वर्तमानपत्रात बांधू देऊ नका. शाईत शिसं असू शकतं म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ मध्येच तशी ताकीद दिली होती. कोरी झिपची पिशवी सोबत न्या. कलेजी आणि गुर्दा वेगळ्या पिशव्यांत हवेत, कारण त्याच युरोपीय नियमात कॅडमियमची मर्यादा किलोमागे मांसाला ०.०५०, कलेजीला ०.५० आणि गुर्द्याला १.० मिलिग्रॅम आहे. गुर्द्याचं पाणी मांसाला लागलं की चांगलं मांस उगाच नापास व्हायचं.

लॅबमध्ये बिनपावडरचे ग्लोव्हज घालून बाहेरचा पातळ थर, चरबी आणि पडदे काढून टाका. सुरी सिरॅमिकची. स्टीलच्या सुरीने शिसं-कॅडमियमचं फारसं बिघडत नाही, पण पार्टीने क्रोमियम-निकेलही मागितलं की पंचाईत.

आता मिक्सर. एकदा बकऱ्याच्या कलेजीत शिसं भलतंच चढलं. ब्लँक (मांसाशिवाय चालवलेला कोरा नमुना) स्वच्छ, स्पाइकची रिकव्हरी (मुद्दाम घातलेलं शिसं किती परत मोजलं गेलं ते) ठीक. दोन दिवस मी मशीनलाच शिव्या घातल्या. मग रजिस्टर पाहिलं: आदल्या दिवशी त्याच भांड्यात हळद दळली होती. पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळणारे असतात, आणि तो नमुना तसलाच निघाला. ब्लँक स्वच्छ आला यात नवल नव्हतं, कारण तो मिक्सरमधून गेलाच नव्हता! तेव्हापासून मी अतिशुद्ध पाणी त्याच भांड्यात फिरवून तेच ब्लँक म्हणून घेते, आणि मांसाचं भांडं वेगळं ठेवलंय.

खिमा एकजीव झाला की ०.५ ग्रॅम व्हेसलमध्ये तोला. पारा मोजायचा असेल तर नमुना आधी ओव्हनमध्ये वाळवू नका, पारा उडून जातो. फ्यूम हूडखाली ६ मिलिलिटर तीव्र नायट्रिक घाला आणि झाकण न लावता वीस मिनिटं थांबा. चरबी असली की फेस येतो; घाईने बंद केलेल्या व्हेसलमध्ये दाब एकदम चढतो. मग १ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड, झाकण, आणि मायक्रोवेव्हमध्ये वीस मिनिटांत २०० अंशांपर्यंत नेऊन तिथे पंधरा मिनिटं. पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही. द्रव स्वच्छ दिसला पाहिजे. गढूळ असेल तर पुन्हा लावा.

पारा द्रावणात टिकावा म्हणून काही जण थोडं हायड्रोक्लोरिक घालतात. आर्सेनिकही बघायचं असेल तर जपून: मशीन अणूंच्या वस्तुमानावरून धातू ओळखतं, आणि त्याच्यातल्या आर्गॉन वायूची हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोरीनशी जोडी ७५ वर येते, आर्सेनिकही ७५ वरच. अशा जोड्या गाळणारा हेलियम मोड बंद असेल तर मशीन दोन्ही एकच समजतं.

प्रत्येक बॅचला ब्लँक, स्पाइक आणि एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेची बोवाइन लिव्हर पावडर (धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असलेली कलेजीची पूड) लावा. उरलेला खिमा उणे २० वर ठेवा. रिपोर्टवर वाद झाला तर तोच वितळवावा लागतो, आणि तेव्हा सुटलेलं लाल पाणी सिंकमध्ये ओतू नका, खिम्यात परत कालवूनच वजन करा.