कुत्र्याचे कान पुन्हा पुन्हा खाजतात? या चुका टाळा

जून लागला की आमच्या फोंड्याच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या: भिंतींना ओल आणि रात्री दोन वाजता सोन्याचं कान फडफडवणं. सोन्या आमचा लॅब्रॅडॉर, आता सात वर्षांचा. पहिली तीन वर्षं माझा क्रम एकच होता. कान खाजला की थेंब आणायचे, आठवड्यात बरं वाटलं की बाटली कपाटात ठेवायची. दीड महिन्याने पुन्हा तेच. दर वेळी हा नवा आजार आहे असं मी धरून चालले होते. बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीच्या पोटातूनच निघतात.

वारंवार खाजणाऱ्या कानाचं मूळ बहुतेकदा कानाबाहेर असतं. कानाच्या नळीतलं अस्तर म्हणजे अंगाचीच कातडी. कुत्र्याला धुळीतल्या किड्यांची, बुरशीची, परागकणांची किंवा एखाद्या खाण्याची ऍलर्जी असेल तर ती कातडी सुजते, मळ जास्त तयार होतो, नळी अरुंद आणि दमट होते. मग एरवी तिथे थोड्या प्रमाणात असणारे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि जिवाणू भराभर वाढतात. थेंबांनी ते मरतात, ऍलर्जी मात्र जागेवरच राहते. त्यातून गोव्याचा पावसाळा, चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. लोंबत्या कानाखाली वारा लागायला वावच नसतो. म्हणून कान बघताना पंजेही बघा. कुत्रा पंजे सतत चाटतो का, काखा आणि पोट लाल आहेत का? सोन्याचे पंजे चाटून तांबूस झाले होते. मी ती त्याची सवय समजत होते.

घरातलं काहीही कानात घालू नका

शेजारच्या काकींनी मायेनेच सांगितलं होतं, "अगो, फेणीचे दोन थेंब घाल, खाज जाईल." कोणी कोमट खोबरेल सांगतं, कोणी लिंबू, कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड. सुजलेल्या, ओरबाडलेल्या कातडीवर फेणी, स्पिरिट किंवा लिंबू म्हणजे जाळच. एकदा तसं झालं की कुत्रा पुढे कानाला हातच लावू देत नाही. तेलाने मळ आणि ओल आतच धरून राहते. माणसांचे कानाचे थेंबही नकोत.

इअरबडचंही तसंच. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. बडने वरचा मळ त्या वळणात ठासला जातो.

साफ करायचं ते कुत्र्यांसाठी असलेल्या इअर क्लीनरने. नळी भरेल इतकं ओता, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट हलकेच चोळा, पचपच आवाज यायला हवा. मग त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या. बोट जाईल तेवढंच आत जायचं. औषधाचे थेंब कान कोरडा झाल्यावर घाला. मळाच्या थरावर घातलेले थेंब कातडीपर्यंत पोहोचत नाहीत. सोन्याला पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुरतं, आणि केरीच्या किंवा मिरामारच्या किनाऱ्यावर पोहून आल्यावर त्याच दिवशी. रोज धुणं हीसुद्धा चूकच, त्याने कातडी आणखी चिडते. दुखरा कान असेल तर डॉक्टरांनी आत बघेपर्यंत काहीच घालू नका. तपासणीच्या दिवशी सकाळी कान साफ करून नेऊ नका, नमुन्यासाठी मळ हवा असतो.

जुनी बाटली, अर्धवट औषध

तपकिरी, चिकट मळ आणि आंबलेल्या पिठासारखा वास असेल तर यीस्टची शक्यता जास्त. पिवळट-हिरवा पू आणि उग्र घाण असेल तर जिवाणू. कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा, काळा मळ, तोही पिल्लाच्या कानात, म्हणजे किडे असू शकतात. पण वासावरून औषध ठरत नाही. मळाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे काही मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांनी नाही केलं तर आपण विचारावं. शिवाय पडदा फाटला असेल तर जेंटामायसिनसारख्या औषधांनी कुत्र्याला कायमचं बहिरेपण येऊ शकतं. गेल्या वर्षीची बाटली उघडण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

खाज थांबली म्हणजे आतला संसर्ग संपला असं नाही. सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि शेवटी पुन्हा एकदा नमुना तपासून घ्या. मी हे दोनदा टाळलं. दुसऱ्या वेळी जिवाणू नेहमीच्या औषधाला दाद देईनात.

खाण्याची परीक्षा घरातच बिघडते

खाण्याची ऍलर्जी रक्त तपासून खात्रीने कळत नाही. त्यासाठी किमान आठ आठवडे एकच आहार द्यावा लागतो: कुत्र्याने आधी कधी न खाल्लेलं प्रथिन किंवा डॉक्टरांनी दिलेला हायड्रोलाइज्ड आहार, म्हणजे ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात. मग जुनं खाणं पुन्हा सुरू करून खाज परतते का ते बघायचं. आपल्याकडे यात एक खास चूक होते. 'ऍलर्जीसाठी' म्हणून माशाचं पाकीट आणलं जातं. पण बांगड्याची डोकी आणि शित-कढी खाऊन वाढलेल्या कुत्र्याला मासा नवा कसा असेल? त्यात आजोबा सकाळी चहात बुडवलेली पोई (गोव्याचा पाव) देतात, चतुर्थीला पाहुणे नेवरी (करंजी) देतात. एका तुकड्याने आठवड्यांची मेहनत वाया जाते. घरातल्या सगळ्यांना आधीच बसवून सांगा. चव घातलेल्या औषधाच्या गोळ्याही बंद.

एकच कान अचानक खाजायला लागला तर ऍलर्जीआधी दुसरं तपासा. ऑक्टोबरात गवत वाळलं की कुसळ आत शिरतं, कधी गोचीड खोल बसलेली असते.

मी आता खाजेचे दिवस कालनिर्णयवर पेनने लिहिते: कुठला कान, वास, त्या आठवड्यात काय खाल्लं, पोहला का. दोन वर्षांची पानं डॉक्टरांसमोर ठेवली तेव्हा पहिल्यांदा कानाऐवजी ऍलर्जीवर उपचार सुरू झाले. गेल्या पावसाळ्यात सोन्याला एकदाच थेंब लागले.

डोकं एका बाजूला कललं, चालताना तोल गेला, हाक ऐकू येईना, किंवा झटकून झटकून कानाची पाळी फुग्यासारखी फुगली, तर घरी काही करून बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.